लाकडाच्या कलाने

शिसपेन्सिलीला ब्लेडने टोक काढलेल्या कुणालाही हा अनुभव असेल. एका अंगाने ब्लेड लावलं की पातळ, गुंडाळी होणारी ढलपी सुळकन निघते. पेन्सिल हातात अर्धी फिरवावी, तेवढ्याच जोराने पुन्हा ब्लेड लावावं, तर ते एकदम लाकडात घुसतं, जाड कपचा उडतो आणि शिसंही मोडतं. पेन्सिल तीच, ब्लेड तेच, हातही तोच. मग बिनसलं कुठे?

हाताने लाकडी मूर्ती, खेळणी किंवा दागिने कोरायचा छंद ज्यांना लागतो, त्यांची पहिली काही लाकडं याच कोड्यापायी वाया जातात. आपल्या हाताला वळणच नाही, आपल्याला चित्र काढता येत नाही, हे काम सुतार-मूर्तिकारांचंच, अशी समजूत करून घेऊन बरीच मंडळी सुरी कपाटात ठेवून देतात. माझ्या मते यात हाताचा दोष क्वचितच असतो. लाकूड आतून कसं बांधलेलं आहे हे एकदा कळलं की कोरकामाचे बहुतेक नियम पाठ करावे लागत नाहीत. कोणतं लाकूड घ्यावं, सुरी कुठून कुठे न्यावी, गणपतीचे सुळे वेगळे का बसवावेत, हे सगळं त्या एका बांधणीतूनच निघतं.

आत काय असतं?

झाडाला मुळांतलं पाणी शेंड्यापर्यंत पोचवायचं असतं आणि वाऱ्यात ताठ उभंही राहायचं असतं. ही दोन्ही कामं खोडातल्या लांबट, पोकळ पेशी करतात. साग, आंबा, कडुनिंब अशा रुंद पानांच्या झाडांत यातल्या तंतूंची लांबी साधारण 1 मिलिमीटर असते, देवदार किंवा चीडसारख्या सूचिपर्णी झाडांत 3 ते 4 मिलिमीटर. जाडी मात्र मिलिमीटरच्या काही शतांश भागांएवढीच. या पेशींच्या भिंती सेल्युलोजच्या बारीक धाग्यांच्या असतात, आणि पेशींना एकमेकींशी चिकटवून ठेवणारा पदार्थ म्हणजे लिग्निन.

आता घट्ट बांधलेला हिराचा खराटा डोळ्यांसमोर आणा. त्याच्या काड्या दोन टोकांना धरून ताणल्या तर तुटता तुटत नाहीत. पण दोन काड्यांच्या मधे सुरीचं टोक घातलं तर त्या सहज बाजूला होतात. लाकडाचं तसंच आहे. तंतूंच्या लांबीच्या दिशेने ते ओढून तोडायला जेवढा जोर लागतो, त्याच्या विसाव्या हिश्श्याइतक्या किंवा त्याहूनही कमी जोराने ते आडव्या दिशेला फाटतं. सरपणाचा ओंडका उभा ठेवून कुऱ्हाडीच्या एका घावात दुभंगतो आणि आडवा ठेवला तर दहा घाव खातो, तो याचमुळे.

चढ आणि उतार

सुरीचं पातं म्हणजे एक बारीक पाचर. ते लाकडात शिरतं तेव्हा दोन गोष्टी घडू शकतात. एक, धार तंतू कापते. दोन, पात्याच्या जाडीमुळे तंतू एकमेकांपासून फाकतात आणि फट धारेच्याही पुढे पळते. ही फट पळते ती नेहमी तंतूंच्या कलाने, कारण तिथेच जोड कमकुवत असतो. तुम्ही सुरी कुठे नेऊ पाहताय याच्याशी तिला काही देणंघेणं नसतं.

तेव्हा प्रश्न एवढाच उरतो की तुमच्या सुरीपुढचे तंतू कुठे चाललेत. ते पृष्ठभागाकडे वर येत असतील, तर पुढे पळणारी फट थोड्याच अंतरावर हवेत बाहेर पडते, ढलपी सुटते आणि मागे गुळगुळीत जागा राहते. तंतू लाकडाच्या पोटात खाली उतरत असतील, तर फटही त्यांच्यामागे पोटात शिरते, सुरी तिच्यामागे ओढली जाते आणि शेवटी मोठा कपचा उपटून निघतो. पेन्सिलीत नेमकं हेच होतं. पेन्सिलीची पट्टी कारखान्यात कापताना तंतू पेन्सिलीला अगदी समांतर राहिले नाहीत, थोडे तिरके गेले, तर एका अंगाला ते पृष्ठभागाकडे येतात आणि विरुद्ध अंगाला आत जातात.

कोरणाऱ्याने हे लक्षात ठेवायचं ते असं: सुरी नेहमी उतारावरून खाली न्यायची, चढावर नाही. उंचवटा कोरायचा असेल, समजा माशाची पाठ, तर मधल्या सर्वांत उंच जागेपासून सुरुवात करून एकदा डोक्याकडे आणि एकदा शेपटीकडे यायचं. खळगा कोरायचा असेल, समजा पक्ष्याची मान आणि पाठ यांच्यामधली खोल जागा, तर दोन्ही काठांवरून खाली तळापर्यंत यायचं आणि तळाशी थांबायचं. एका काठावरून उतरून त्याच झोकात समोरचा काठ चढायचा मोह सगळ्यांनाच होतो. नवशिक्याच्या पक्ष्याची मान तिथेच जाते.

आणि तंतू कुठे चाललेत हे कळायचं कसं? लाकडाच्या पृष्ठभागाकडे न बघता कडेच्या अंगाकडे बघायचं. तिथे बारीक रेघा दिसतात, त्या कोणत्या बाजूला वर येतात ते बघून पेन्सिलीने बाण काढून ठेवायचे. रेघा दिसत नसतील तर अगदी पातळ ढलपी काढून बघावी, लाकूड लगेच सांगतं. गाठीजवळ मात्र सगळं बिघडतं. गाठ म्हणजे खोडाने वाढता वाढता गिळलेली फांदी. खोडाचे तंतू तिला वळसा घालून जातात, त्यामुळे दोन इंचांच्या जागेत दिशा तीनदा बदलू शकते. गाठ सुंदर दिसते हे खरं, पण सुरुवातीला गाठीचं लाकूड सरळ बाजूला ठेवावं.

मऊ लाकडालाच धार जास्त लागते

हे ऐकायला उलटं वाटतं. पांगाऱ्यासारखं हलकं लाकूड तर नखानेही दबतं, त्याला बोथट सुरी चालायला हवी. प्रत्यक्षात बोथट सुरीने पांगारा कोरून पाहा, तंतू कापले न जाता दबतात, चुरगळतात आणि पृष्ठभाग केसाळ होतो. कारण पेशींच्या भिंती पातळ आहेत आणि आतली पोकळी मोठी. कापलं जाण्याइतका विरोधच त्या करत नाहीत, त्याआधीच कोसळतात. त्यांना कोसळायला वेळ न देता कापेल अशी धार हवी. शिसवाच्या भरीव भिंती धारेला टेकू देतात, त्यामुळे तिथे जोर जास्त लागला तरी काप स्वच्छ येतो.

धार म्हणजे दोन उतार जिथे भेटतात ती रेघ. कोरायच्या सुरीचे हे दोन उतार मिळून साधारण 20 अंशांचा कोन असला की ती मऊ लाकडात छान चालते. मोगरीचे ठोके खाणाऱ्या पटाशीला 25 ते 30 अंश ठेवतात, नाहीतर धारेचे तुकडे पडतात. निसण्यावर दोन्ही उतार आळीपाळीने घासले की शेवटी धारेच्या रेघेवर पोलादाची अतिशय बारीक, वळलेली किनार उरते. बोटाने हलकेच चाचपली तर एका अंगाला खरखर जाणवते. ती काढायला चामड्याचा पट्टा. न्हावी वस्तरा पट्ट्यावर ओढायचे ते याचसाठी. पट्ट्यावर पातं नेहमी पाठीच्या दिशेने ओढायचं, धारेच्या दिशेने ढकललं तर चामडंच कापलं जातं. हार्डवेअरच्या दुकानात पॉलिशसाठी मिळणारी हिरवी वडी पट्ट्यावर चोळली तर काम लवकर होतं. कोरायला बसलं की दर पंधरा-वीस मिनिटांनी पाच-सात हात पट्ट्यावर मारावेत, निसण्यापर्यंत जायची वेळ मग क्वचितच येते.

बोथट सुरीने हात कापला जाण्याची शक्यता जास्त असते, यातही कोडं काही नाही. बोथट सुरीला जोर लागतो, आणि जोर लावलेली सुरी सुटली की ती कुठे जाईल हे आपल्या हातात राहत नाही. लाकूड धरलेल्या हाताचा अंगठा सुरीच्या पाठीवर ठेवून ढकललं तर सुरी एका वेळी अर्धा इंचच पुढे जाऊ शकते. बहुतेक बारीक काम याच पकडीने होतं.

> चौकट: पहिलं लाकूड कोणतं?
>
> पांगारा: हलका, मऊ. सावंतवाडीच्या रंगीत खेळण्यांसाठी पूर्वापार वापरला गेलेला. रंगवायच्या वस्तूंना उत्तम, बारीक नक्षीला नाही.
>
> शिवण: फिकट रंगाची, मध्यम मऊ. सुकल्यावर फारशी वाकत-फिरत नाही. मिळाली तर पहिली निवड हीच.
>
> काळा कुडा: पांढरट, घट्ट पोताचा. चन्नपट्टणची पारंपरिक खेळणी याचीच. लहान मूर्ती आणि दागिन्यांना छान.
>
> कडुनिंब: मध्यम कठीण. पुरीच्या जगन्नाथाच्या मूर्ती कडुनिंबाच्या असतात. 2015 साली झालेल्या नवकलेवरात त्या नव्याने घडवल्या गेल्या.
>
> साग: सुताराकडे तुकडे सहज मिळतात. टिकाऊ, पण त्यात सिलिका असल्याने धार लवकर जाते आणि मोठ्या छिद्रांमुळे नाक-डोळ्यांचं काम तुटतं.
>
> टाळा: बिब्बा (चीक अंगावर फोड आणतो), कण्हेर (सर्वांगाने विषारी). झाड ओळखीचं नसेल तर त्याची फांदी कोरू नये, चमचा तर मुळीच करू नये.

सोंड, सुळे आणि अंगठी

घरात जुनी लाकडी फणी असेल तर ती उजेडात धरून बघा. तंतू दातांच्या लांबीने गेलेले दिसतील. कोणत्याही गावच्या, कोणत्याही काळच्या फणीत हेच दिसेल, कारण उलट केलेली फणी पहिल्याच गुंत्यात दात गमावते. आडव्या तंतूंच्या दातात एकही तंतू मुळापासून टोकापर्यंत पोचत नाही. नुसते तुकडे एकमेकांना चिकटून उभे असतात आणि जरा वाकवलं की जोडावर सुटतात.

मूर्तीचा आराखडा करताना हेच बघायचं. तंतू उभे ठेवून गणपती कोरला तर खाली लोंबणारी सोंड मजबूत राहते. सुळे मात्र पुढे येतात, म्हणजे तंतूंना आडवे. ते आज नाही तर उद्या मोडणारच. म्हणून ते वेगळ्या तुकड्यातून, लांबीने तंतू ठेवून कोरावेत आणि छिद्र पाडून बसवावेत. मोदक धरलेला हात अंगापासून लांब नेला तर कोपरापाशी तीच अडचण येते. तो पोटाजवळ ठेवला तर प्रश्नच मिटतो. जुन्या लाकडी मूर्तींचे हात अंगालगत असतात त्यामागे शिल्पशास्त्राचे संकेत असतील, पण लाकडाचाही त्यात वाटा आहे असं मला वाटतं. पक्षी कोरताना तंतू चोचीपासून शेपटीकडे धरावेत. मग पाय आडव्या तंतूंचे होतात, तेव्हा एकतर पक्ष्याला बसवावं किंवा पाय तारेचे करावेत.

अंगठीची गंमत आणखी निराळी. फळीतून गोल अंगठी कापली की तिच्यात दोन जागा अशा असतात जिथे तंतू वळशाच्या दिशेने जातात, आणि बरोबर त्यांच्या काटकोनात दोन जागा अशा की तिथे तंतू वळशाला आडवे. अंगठी मोडते ती याच दोन जागी, एकमेकींच्या समोरासमोर. सफाई कितीही आणली तरी हे चुकत नाही. यावर दोन उपाय आहेत. पातळ फळ्या एकमेकींवर आडव्या-उभ्या चिकटवायच्या, प्लायवूडमध्ये करतात तशा, आणि त्यातून अंगठी कापायची. म्हणजे एका थराची कमकुवत जागा दुसऱ्या थराची मजबूत जागा सांभाळते. किंवा लाकडाची कागदासारखी पातळ पट्टी गरम पाण्यात मऊ करून, गोल काठीभोवती गुंडाळून, थरावर थर चिकटवत जायचं. इथे तंतू स्वतःच गोल फिरतात, त्यामुळे अशी अंगठी पातळ असूनही टिकते.

लटकन किंवा झुमक्याचं छिद्रही विचार करून पाडावं. तंतू उभे आणि छिद्र अगदी वरच्या कडेला असेल, तर दोऱ्याच्या ओढीने छिद्राच्या वरचा इवलासा तुकडा तंतूंच्या दिशेने सरकून निघून जातो. वर थोडं जास्त लाकूड ठेवावं आणि छिद्र आधी पाडून मग आकार द्यावा.

तडा का जातो

या छंदातलं सगळ्यात मोठं दुःख म्हणजे महिनाभर कोरलेल्या मूर्तीच्या छातीवर एका सकाळी उभी चीर दिसणं. दोष लाकूडवाल्याला दिला जातो, कधी नजर लागली म्हणतात. कारण मात्र पाण्याचं आहे.

ताज्या लाकडात पाणी दोन ठिकाणी असतं, पेशींच्या पोकळीत आणि पेशींच्या भिंतीत. पोकळीतलं पाणी आधी उडून जातं, त्याने लाकूड हलकं होतं पण आकसत नाही. लाकडाच्या कोरड्या वजनाच्या साधारण 30 टक्के पाणी उरतं तेव्हा पोकळ्या रिकाम्या झालेल्या असतात. तिथून पुढे भिंतींतलं पाणी जाऊ लागतं आणि खरं आकसणं सुरू होतं. भिंतींतले सेल्युलोजचे धागे बहुतांशी उभे असतात. पाणी त्यांच्या मधून निघून गेलं की ते एकमेकांजवळ येतात, पण आखूड होत नाहीत. म्हणून लाकूड रुंदीत आकसतं, लांबीत जवळजवळ नाही.

रुंदीतही दोन हिशेब आहेत. खोडाच्या मध्यातून बाहेरच्या दिशेला पेशींच्या आडव्या ओळी जातात, या ओळी त्या दिशेचं आकसणं थोपवून धरतात. वाढीच्या वलयांच्या दिशेने असं थोपवणारं कुणी नसतं. सागाचा आकडाच बघा: ओला ते पूर्ण सुका या प्रवासात तो मध्यातून बाहेरच्या दिशेला सुमारे 2.5 टक्के आकसतो, वलयांच्या दिशेला सुमारे 5.8 टक्के. बऱ्याच लाकडांत हे आकडे याहून मोठे असतात. अख्ख्या गोल ओंडक्यात याचा अर्थ असा की परीघ जेवढा लहान व्हायला बघतो तेवढा व्यास होत नाही. वलय आतल्या लाकडावर ताणलं जातं आणि कुठेतरी फाटतं. ती चीर परिघापासून मध्याकडे जाते. ओंडक्याचा मध्य ज्या मूर्तीच्या पोटात आहे तिला तडा जाणार, हे जवळपास ठरलेलं असतं.

म्हणून ओंडका आधी मध्यातून दुभंगून घ्यावा. मोठ्या मूर्ती करणाऱ्यांनी याहून पुढचा उपाय शोधला. जर्मनीत टिलमन रीमेनश्नायडर (सुमारे 1460 ते 1531) लिंडनच्या लाकडात संत आणि देवदूत कोरायचा. लिंडनचं पोत एकसारखं, त्यामुळे वस्त्रांच्या चुण्या आणि बोटांच्या शिरासुद्धा त्यात टिकतात. वेदीवर उभ्या राहणाऱ्या त्याच्या अनेक मूर्ती मागून पाहिल्या तर पोखरलेल्या दिसतात. खोडाचा मध्य काढून टाकला की उरतो तो सारख्या जाडीचा कवचासारखा भाग, आणि त्याला आकसायला मोकळीक मिळते. जपानमध्ये त्याच्याही चारशे वर्षं आधी जोचो या शिल्पकाराने मूर्ती एकाच ओंडक्यातून कोरायचं सोडून अनेक तुकडे जोडून, आतून पोकळ ठेवून घडवण्याची पद्धत पूर्णत्वाला नेली. क्योतोजवळच्या ब्योदो-इन मंदिरातली त्याची 1053 सालची बैठी अमिताभ बुद्धमूर्ती पावणेतीन मीटरच्या आसपास उंच आहे आणि आजही जागेवर आहे. कोरलेला हत्ती मुठीएवढा असेल तरी पोटाखालून थोडा पोखरून ठेवायला काय हरकत आहे?

सुकलेलं लाकूडही पुन्हा पाणी पितंच. पावसाळ्यात दारं चौकटीत अडकतात ते त्यामुळे. हवेत 80 टक्के आर्द्रता असेल तर लाकूड सुमारे 16 टक्के पाण्यावर स्थिरावतं, 30 टक्के आर्द्रतेत सुमारे 6 टक्क्यांवर. म्हणजे जुलैत मालवणात कोरलेली दहा सेंटिमीटर रुंद सागवानी तबकडी मे महिन्यात नागपूरला नेली तर ती रुंदीत दोन मिलिमीटरच्या आसपास आकसेल. नुसती ठेवली तर काही बिघडत नाही. पण तिच्या मागे आडवी पट्टी चिकटवली असेल, तर आकसायला मोकळीक नसल्याने ती फाटते. अशी पट्टी स्क्रूने बसवावी आणि छिद्रं थोडी लांबट ठेवावीत.

तेल आणि चिंधी

तेल किंवा मेण लावल्याने पाण्याची ये-जा थांबत नाही, पण हळू होते, आणि लाकडाला तेवढं पुरतं. घाईने आकसताना बाहेरचा थर आतल्याच्या पुढे पळतो, तो ताण मग पडत नाही. त्यासाठी तेल मात्र वाळणारं हवं. खोबरेल वाळत नाही, चिकट राहतं आणि काही महिन्यांनी खवट वास येतो. जवसाचं तेल हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होतं, त्याचा पातळ पापुद्रा तयार होतो. अगदी पातळ हात द्यावा, अर्ध्या तासाने जास्तीचं पुसावं, दोन दिवसांनी दुसरा हात. बाजारात ‘बॉइल्ड’ म्हणून मिळणाऱ्या जवसाच्या तेलात लवकर वाळण्यासाठी धातूंचे क्षार घातलेले असतात. मूर्तीला ते चालेल, जेवायच्या चमच्याला किंवा तोंडात जाणाऱ्या खेळण्याला नाही. तिथे साधं कच्चं तेल लावून आठवडाभर धीर धरावा.

तेल पुसलेली चिंधी चोळामोळा करून कोपऱ्यात कधीही टाकू नये. ऑक्सिजन घेताना तेल तापतं, बोळ्याच्या आत ती उष्णता कोंडते आणि चिंधी आपोआप पेट घेऊ शकते. शेजारी लाकडाच्या ढलप्यांचा ढीग असतोच. चिंधी दोरीवर पसरून वाळवावी, किंवा पाण्याच्या डब्यात बुडवून मग टाकावी.